राजधानीचे दर्शन आणि शिक्षकाची पूर्वतयारी

(केंद्रशाळेतील शिक्षक-संमेलनात दिलेले व्याख्यान)



शैक्षणिक सहलीचा विषय निघाला की प्रवासाची व्यवस्था, खर्चाचा मेळ आणि पालकांची संमती यांचा विचार पुष्कळ होतो. तो अवश्य व्हावा. परंतु मुलांनी तेथे जाऊन काय पाहावयाचे आणि कसे पाहावयाचे, हा प्रश्न बहुधा गाडी सुटल्यावरच आपणांस सुचतो. आज मी दिल्लीच्या सहलीपुरतेच बोलणार आहे. आपल्या खेड्यातील मुलास राजधानीचे दर्शन आयुष्यात बहुधा एकदाच घडते, आणि वर्गातील कित्येकांस तेही घडत नाही. अशी दुर्मिळ संधी 'हे पाहिले, तेही पाहिले' एवढ्या यादीत संपली, तर होणारी हानी केवळ पैशाची नव्हे. म्हणून माझे सांगणे तीन गोष्टींत सामावते : स्थळे थोडी निवडावीत, प्रत्येक स्थळी एक प्रश्न घेऊन जावे, आणि जे पाहिले ते मागे राहिलेल्या मुलांपर्यंत पोहोचवावे.

प्रथम वस्तुसंग्रहालय घेऊ. जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत १८ डिसेंबर १९६० रोजी खुली झाली. तेथे दालने अनेक आणि वस्तू असंख्य. सर्व दालनांतून मुलांना फिरविले तर संध्याकाळी त्यांना केवळ दुखणारे पाय आठवतात. त्याऐवजी हडप्पा संस्कृतीचे एकच दालन घ्यावे व त्यात मोहेंजोदडो येथे सापडलेली कांस्यमूर्ती शोधावयास सांगावे. पाठ्यपुस्तकातील चित्रावरून मुले मोठ्या पुतळ्याची कल्पना करून येतात. प्रत्यक्षात मूर्तीची उंची अवघी १०.५ सेंटिमीटर आहे. हा पहिला विस्मय त्यांना मिळू द्यावा, तो आधी सांगून टाकू नये.

मग विचारावे, ही घडविली कशी? मेणाची मूर्ती करावयाची, तिच्यावर मातीचे लिंपण द्यावयाचे, ते भाजले की मेण वितळून बाहेर पडते आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. आपल्याकडे या कृतीस मधूच्छिष्ट विधान हे जुने नाव आहे, आणि ज्या गावात ओतारी आहे तेथील मुलास ती समजावयास क्षणही लागत नाही. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा : ही 'नर्तकी' आहे हे कोणी ठरविले? ते नाव आधुनिक संशोधकांनी दिलेले आहे. मूर्तीवर तसे काही लिहिलेले नाही. वस्तू जे सांगते ते वेगळे आणि आपण तिच्याविषयी जे अनुमान करतो ते वेगळे, हा भेद चौथीच्या मुलालाही कळतो. तो एकदा कळला की संग्रहालयाची फेरी सार्थकी लागली असे समजावे.

अक्षरे शिकविणाऱ्या आपणां सर्वांस एक स्थळ विशेष जवळचे वाटावे. ते म्हणजे फिरोजशहा कोटला. बहुतेक सहली त्यास वगळतात. येथे सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. मुळात तो आजच्या हरियाणातील टोपरा येथे होता. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीस आणविला. सावरीच्या कापसावर तो अलगद आडवा केला, ४२ चाकांच्या गाड्यावर चढविला आणि यमुनेतून नावांवरून आणला, असे त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. परंतु त्यावरील लेख वाचू शकेल असा विद्वान त्या काळी मिळाला नाही. ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ती लिपी उलगडली, तेव्हा कळले की रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, असे एक राजा दोन हजार वर्षांपूर्वी प्रजेस सांगत होता. दगड शाबूत होता, अक्षरे शाबूत होती. वाचणारा मात्र नाहीसा झाला होता. अक्षरओळख ही किती मोलाची ठेव आहे, हे सांगण्यास याहून चांगला फळा मला ठाऊक नाही.

तिसरे स्थळ जंतरमंतर. सवाई जयसिंह यांनी १७२४ साली ही वेधशाळा उभारली. तेथील सम्राट यंत्र सुमारे ७० फूट उंच असून, पाहणाऱ्यास तो कोठेच न जाणारा जिना वाटतो. पूर्वतयारी नसेल तर मुले तेथे लपाछपी खेळतात, आणि दोष त्यांचा नसतो. यास्तव जाण्यापूर्वी एक महिना शाळेच्या अंगणात काठी रोवावी, तासातासाला तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करावी. सम्राट यंत्र हीच काठी होय; केवळ ती फार मोठी आणि ध्रुवताऱ्याच्या दिशेने कललेली. तिचा कल दिल्लीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस अंशांचा आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून तेथे तितकाच वर दिसतो. कोल्हापुरास तो सुमारे १७ अंशांवर, नागपुरास सुमारे २१ अंशांवर दिसतो. गावी एकदा आणि दिल्लीस एकदा, आकाश निरभ्र असल्यास, मुलांना ध्रुव दाखवावा. पृथ्वी वाटोळी आहे हे वाक्य पाठ करणे निराळे आणि आपण उत्तरेस गेलो तसा तारा वर चढला हे डोळ्यांनी पाहणे निराळे. आज भोवती उंच इमारती झाल्यामुळे पूर्वीप्रमाणे सर्व वेध घेता येत नाहीत, हेही मुलांस सांगावे.

लाल किल्ल्याविषयी मला थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण येथे शिक्षकाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा असते. शहाजहानने १६३९ साली या किल्ल्याचे काम सुरू केले व ते १६४८ साली पुरे झाले. आपली मुले येथे आली की त्यांना मराठ्यांच्या दिल्लीवरील दौडी ऐकावयाच्या असतात, आणि त्या आपण अवश्य सांगाव्यात. १७३७ साली पहिल्या बाजीरावाने दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारली. १७८८ नंतर महादजी शिंद्यांच्या आधाराने शहाआलम बादशहा पुन्हा गादीवर बसला. परंतु दिवाण-ए-खासमध्ये उभे राहिल्यावर दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. नादिरशहाने १७३९ साली येथून मयूरासन नेले, हे आपण त्वेषाने सांगतो. १७६० साली सैन्याच्या खर्चाची तीव्र चणचण भासल्यामुळे सदाशिवरावभाऊंनी याच दालनाच्या छताचा चांदीचा पत्रा काढून त्याची नाणी पाडविली, हेही तितक्याच सरळपणे सांगावे. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले ते मुलांना ठाऊक असतेच. आपल्या माणसांची अडचणही सांगावी आणि कृतीही सांगावी. जो शिक्षक पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी झाकतो, तो मुलाला इतिहास शिकवीत नाही. त्याच्या हाती तो केवळ अभिमान देतो, आणि तोही कच्चा.

१८५७ नंतर इंग्रजांनी आतील पुष्कळ इमारती पाडून तेथे सैनिकांसाठी बराकी बांधल्या. १८५८ साली अखेरच्या बादशहावर आणि १९४५-४६ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले ते याच किल्ल्यात. आणि येथे पंडित नेहरूंनी प्रथम तिरंगा फडकविला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. १५ तारखेस नव्हे. ही तारीख मुलांनाच शोधून काढावयास सांगावे.

इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रास अर्पण झाले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे दगडावर कोरलेली आहेत. हजारो नावांसमोर मूल गोंधळते, एका नावासमोर ते थांबते. म्हणून आपल्या तालुक्यातील एखाद्या हुतात्मा जवानाचे नाव आधी माहीत करून घ्यावे आणि तेवढे शोधावे.

जुन्या संसद भवनास आता संविधान सदन म्हणतात. तेथील मध्यवर्ती सभागृहात घटना समितीच्या बैठका झाल्या. आत जाण्यास परवानगी लागते. ती न मिळाली तरी बाहेर उभे राहून, परिपाठात रोज म्हटली जाणारी प्रास्ताविका येथे सिद्ध झाली, एवढे मुलांना सांगता येते. त्याच ओघात २६, अलिपूर रोड येथील स्मारक पाहावे. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण तेथे झाले. २०१८ साली उघडलेल्या या स्मारकाची इमारत उघड्या ग्रंथाच्या आकाराची आहे.

आता व्यवस्थेच्या दोन-चार गोष्टी. राष्ट्रीय संग्रहालय आणि लाल किल्ला सोमवारी बंद असतात. संग्रहालय नव्या जागी नेण्याची योजना असल्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक असते आणि धुक्यामुळे गाड्यांना विलंब होतो. ज्यांच्याकडे स्वेटर नसेल त्यांची सोय निघण्यापूर्वी गावातच करावी.

सुरक्षिततेविषयी मात्र एक घटना प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. ४ डिसेंबर १९८१ रोजी कुतुबमिनाराच्या जिन्यात दिवे गेले आणि अंधारात चेंगराचेंगरी होऊन ४५ जण मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य सहलीस आलेली शाळकरी मुले होती. तेव्हापासून मिनाराच्या आत प्रवेश बंद आहे. अरुंद जागी, जिन्यावर वा गर्दीत सर्व मुले एकदम सोडू नयेत. दहा-दहांचे गट करून प्रत्येक गटामागे एक प्रौढ असावा. वेळ अपुरा पडला तर एक स्थळ सोडून द्यावे, पण मुलांना धावावयास लावू नये.

शेवटी, जी मुले जाऊ शकत नाहीत त्यांच्याविषयी. घरची परिस्थिती हेच त्यांचे कारण असते, योग्यता नव्हे. सहलीहून परतलेल्या गटावर त्यांचे ऋण असते, असे मी मानतो. परतल्यावर शाळेच्या मैदानापासून पुढे रस्त्यापर्यंत दोरीने ७३ मीटर अंतर आखावे आणि सांगावे की कुतुबमिनार उभा न राहता आडवा झाला तर एवढा होईल. त्याच दोरीवर ७.२ मीटरची खूण करावी, ती तेथील लोहस्तंभाची उंची. शाडूच्या मातीतून १०.५ सेंटिमीटरची मूर्ती करवावी. गेलेल्या प्रत्येक मुलाने न गेलेल्या एका मुलास एक वस्तू समजावून द्यावी. समजावताना जे अडेल ते दोघांनी मिळून पुस्तकात शोधावे.

आणि मग सर्वांना घेऊन गावाच्या वेशीबाहेर जावे. देवळाच्या आवारात शेंदूर फासलेली वीरगळ असेल, जुन्या बारवेच्या भिंतीत एखादा कोरीव लेख असेल. कोणी कोरले, कशासाठी कोरले, आपण काय जाणतो आणि काय अनुमान करतो, हे दिल्लीस शिकलेले प्रश्न तेथे विचारावेत. तसे ते मुलांच्या तोंडून आपण होऊन आले, तर राजधानीचे दर्शन त्या गावास घडले असे समजण्यास हरकत नाही.