लाकूड कापण्यापूर्वी
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



भाकरीचे पीठ मळायची काथवट आपल्या जालना भागात घरोघर होती. आजही कित्येक घरी आहे. ती कशी वापरावी हे आपण जाणतो. पण ती लाकडातून कशी काढावी, हा निर्णय मात्र नेहमी बाहेर अंगणात, आपल्याला न विचारता होतो. त्याविषयी दोन शब्द सांगते.

बांधावरचा जुना आंबा पडला की भावाभावांत त्याची वाटणी वजनावर होते आणि दोन फांद्या फुटतात तेथले बेचके सरपणात जाते, कारण ते फोडायला अवघड. खरे म्हणजे सगळ्या झाडात सुंदर लाकूड तेच. तेथे दोन फांद्यांचे तंतू एकमेकांत दाटून पिसासारखी नक्षी तयार होते.

ती नक्षी कोणत्याही कापाने दिसत नाही. आडवे काप घेतले तर नुसती वर्तुळे मिळतात. करवत दोन्ही फांद्यांच्या आणि खोडाच्या मधोमध, उभी जायला हवी. मग एका बेचक्याचे दोन भाग होतात आणि दोन्हींवर एकच चित्र, आरशात पाहावे तसे, उमटते. दोघी जावांना सारखा वाटा द्यायचा असेल तर याहून बरी वाटणी कोणती?

मात्र ही नक्षी फार खोल नसते. त्या भागातून खोल वाडगा कातला तर चित्र भुश्यात जाते. म्हणून उथळ तबक करावे. मधल्या गाभ्याची रेघ तासून टाकावी, कारण चीर तेथूनच सुरू होते.

आता प्रश्न काथवटीचा. रोज ओले पीठ आणि मनगटाचा जोर सोसायला बेचके नको. त्यात तंतू सर्व दिशांनी जातात, ते केव्हा उकलेल याचा भरवसा नाही. काथवटीला खालचे सरळ खोड घ्यावे, तेही गाभा वगळून, अर्ध्या भागातून. शोभेचे लाकूड हळदीकुंकवाच्या तबकाला आणि कष्टाचे लाकूड कष्टाला, हे आधी ठरवावे.

आपल्या उन्हाळ्यात ओले लाकूड लवकर तडकते. म्हणून कापताच दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग लावून ते सावलीत ठेवावे. कातारी प्रथम भांडे जाड ठेवतो. दहा इंची भांड्याला एक इंच काठ. ते भुश्यात काही महिने वाळून लंबगोल होते. मग पुन्हा कातून गोल करतात. घाई केली तर ही सोय उरत नाही.

तेव्हा भगिनींनो, आता कोठे आंबा पडला तर करवत लागण्यापूर्वी तांब्याभर पाणी घेऊन जा. नुकत्याच तासलेल्या भागावर ते ओता. नक्षी असेल तर लगेच दिसेल. मग खडूने रेघ आपणच मारावी आणि करवतवाल्याला ती दाखवावी. कापलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही, म्हणून एवढे बोलण्याचा हक्क आपण मागून घेतला पाहिजे.