भटक्या अळ्या आणि बैठ्या अळ्या

श्रोतेहो, आज मी तुम्हांला अळीची गोष्ट सांगणार आहे. अळी म्हटली की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. बोंडअळी, लष्करी अळी, शेंगा पोखरणारी अळी, एक का दोन! पण आजची अळी त्यांतली नव्हे. ही तुमच्या-माझ्या घरात, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यावर वाढणारी, भाताच्या शितापेक्षाही बारीक अशी चिलटाची अळी.

मी नवी मुंबईत एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. वाशीचा फळबाजार तिथून फार लांब नाही. आंब्याचा हंगाम सरत आला म्हणजे टाकून दिलेल्या फळांवर चिलटांचे ढगच्या ढग भिरभिरताना दिसतात. आंबा नासवणारी फळमाशी ती वेगळी. ती अंगाने मोठी, बागाइतदाराची वैरीण. पिकू लागलेल्या धडक्या फळात अंडी घालते. चिलट बिचारे आंबलेल्या फळावर येते. फळापेक्षाही त्याला गोडी असते ती फळ आंबवणाऱ्या यीस्टची, म्हणजे पाव फुगवायला बेकरीवाला वापरतो त्या वस्तूची. अंड्यातून एका दिवसात अळी बाहेर पडते, चारपाच दिवस अखंड खाते, मग कोषात जाते, आणि दहाएक दिवसांत नवे चिलट उडू लागते.

आता विचार करा. या अळीची आई अंडी घालून केव्हाच उडून गेली. तिला शाळा नाही, शेजार नाही, वडीलधाऱ्यांचा धाक नाही. तरी ती अंड्यातून निघते ती थेट खाण्याच्या वासामागे जाते, कडू लागले तर तोंड फिरवते. हे तिला कोणी शिकवले?

या प्रश्नाचा पाठपुरावा आपल्या मुंबईतच झाला, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कुलाब्याला, नेव्हीनगरच्या टोकाशी, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभांनी स्थापलेली, म्हणून अणुविज्ञानासाठी आपण तिला ओळखतो. तिथे 1962 साली ओबेद सिद्दीकी नावाचे तरुण शास्त्रज्ञ आले आणि त्यांनी जीवशास्त्राचा नवा विभाग उभा केला. उत्तर प्रदेशातले बस्ती हे त्यांचे गाव. शिक्षण अलीगढला आणि पुढे ग्लासगोला. 1970 नंतरच्या दशकात त्यांनी चिलटाला हाती धरले. आणि त्यांच्याकडे विद्यार्थिनी म्हणून आली व्हेरोनिका रॉड्रिग्ज. घराणे मूळचे गोव्याचे, जन्म आफ्रिकेत, नैरोबीला, 1953 साली. डब्लिनला शिकत असताना सिद्दीकींचे लेखन तिच्या वाचनात आले, तिने त्यांना पत्र धाडले आणि ती मुंबईला आली. कुठे नैरोबी, कुठे डब्लिन आणि कुठे कुलाबा!

या गुरुशिष्यांनी केले काय? चिलटांना असे रसायन पाजले की त्यांच्या पुढच्या पिढ्यांत जनुकांमध्ये कुठे ना कुठे बारीक बिघाड व्हावा. जनुक म्हणजे आईबापांकडून पोराला मिळणारी लेखी सूचनाच म्हणा. शरीरातले एखादे द्रव्य कसे घडवायचे याची. हजारो सूचनांपैकी एखादीतच चूक झाली, तर वागण्यात काय फरक पडतो ते पाहायचे. त्यांना असे वाण सापडले की ज्यांना एका तऱ्हेचा वास कळेना, पण बाकीचे वास नीट कळत. एका वाणाला ग्लुकोजसारख्या साखरेची चव लागेना, फळातल्या फ्रुक्टोजची मात्र लागे. सगळे नाक बसले, सगळी जीभ मेली, असे नव्हे. एकच दार बंद, शेजारची दारे उघडी.

अळीची परीक्षा घेण्याची रीत तर इतकी साधी की गावच्या शाळेतही जमावी. एक पसरट काचेची बशी, तीत खळीसारखा थर. एका कडेला वासाचा थेंब, समोरच्या कडेला साध्या पाण्याचा. मध्यभागी पन्नासेक अळ्या सोडायच्या आणि काही मिनिटांनी कोणत्या बाजूला किती गेल्या ते मोजायचे. अळीच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी किती? एका बाजूला फक्त 21. एवढ्या भांडवलावर तिचा सारा संसार.

पण वास येणे आणि वासामागे धावणे यांत अंतर आहे. स्वभाव म्हणून आपण ज्याला म्हणतो तो अळीला असतो काय? इथे आपल्याला कॅनडात, टोरांटोला जावे लागेल. मार्ला सोकोलोव्स्की या विदुषींनी अळ्या यीस्टच्या लगद्यावर सोडल्या आणि पाच मिनिटांत प्रत्येकीने काढलेला माग मोजला. काही अळ्या खाता खाता लांबवर भटकत; काही एकाच जागी ठाण मांडून खात. त्यांना भटक्या आणि बैठ्या म्हणू. 1980 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे दोन्हींचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळ्या भटक्या निघाल्या. दुसऱ्या पिढीत तीन भटक्यांस एक बैठी. मेंडेलच्या वाटाण्याचा धडा वर्गात शिकवणाऱ्या गुरुजींना हे प्रमाण ओळखीचे वाटेल. उंच रोप, बुटके रोप, तसेच इथे भटकणे आणि बसणे! 1997 साली ते जनुकही हाती लागले. ते एक विकर, म्हणजे शरीरातल्या क्रिया चालवणारे द्रव्य, घडवते. भटक्या अळीत त्याचे काम थोडे जास्त, बैठीत थोडे कमी. फरक एवढाच.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, "झाले तर मग! स्वभावाला औषध नाही, हे आमची आजी सांगतच होती." जरा थांबा. याच अळ्यांना खाणे नसलेल्या कोऱ्या बशीत सोडले, की दोघी सारख्याच फिरतात. बैठी अळी आळशी नव्हे. खाणे समोर असले तरच ती बसते. आणि भटक्या अळीला काही वेळ उपाशी ठेवून मग खाण्यावर सोडले, तर ती बैठीसारखी जागीच खात राहते. जनुक तेच, वागणे दुसरे. शिवाय दोन्हींत चांगली कोणती, हे ठरवणारे आपण कोण? प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या दाटीवाटीने वाढवलेल्या वाणात भटक्या जास्त झाल्या, ऐसपैस वाढवलेल्यांत बैठ्या. जागा बदलली की गुण बदलला. म्हणून तर रानात दोन्ही टिकून आहेत.

बीड-जालन्याकडच्या रेशीम शेतकऱ्यांना एक गोष्ट इथेच सांगतो. तुमची अळी तुतीवाचून दुसऱ्या पानाला तोंड लावत नाही. तिच्या कडू चव घेणाऱ्या एका जनुकाचे काम बंद पाडल्यावर ती सफरचंद, नासपती, सोयाबीनसुद्धा खाऊ लागली, असे चिनी शास्त्रज्ञांना 2019 साली आढळले. म्हणजे तुतीची ती निष्ठा बरीचशी इतर पाने न रुचण्यातून आलेली! लगेच तुतीचे शेत मोडायला निघू नका. तुमच्याकडच्या अळीचे जनुक शाबूत आहे.

आता शिक्षकबंधू आणि भगिनींसाठी. अमेरिकेत सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत असे एक चिलट सापडले की ते शिकेचना. वासाबरोबर विजेचा बारीकसा झटका दिला, तर साधे चिलट तो वास टाळायला शिकते. हे शिकले नाही. 1976 साली त्याची हकीगत छापून आली, आणि त्या जनुकाचे नाव काय ठेवले? 'डन्स'. आपल्या शाळेच्या भाषेत, 'ढ'. 1979 साली त्याच्या अळ्यांचीही परीक्षा झाली, त्याही नापास. नाव पक्के झाले. पण पुढे लोकांनी अधिक बारकाईने पाहिले. शिकवल्याबरोबर लगेच विचारले, तर या 'ढ' चिलटाला पुष्कळ येत होते. झटक्याऐवजी साखरेचे बक्षीस दिले, तेव्हाही ते शिकले. त्याची अडचण शिकण्याची कमी, टिकवण्याची जास्त. ते लवकर विसरत होते. मात्र जनुकाचे नाव आजही 'ढ'च आहे. कोणी बदलले नाही.

हे पहिल्यांदा वाचले, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कॉलेजात येण्याआधी मी दोन वर्षे एका खेड्यातल्या शाळेत शिकवत होतो. वय तेवीस, डोक्यात नव्या पदवीची हवा. माझ्या वर्गात वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता. एका जागी पाच मिनिटे बसेल तर शपथ. काल घोकून घेतलेला पाढा आज कोरा. एके दिवशी त्याचे वडील भेटायला आले. मातीने भरलेले हात मागे लपवून उभे होते. मी त्यांना म्हणालो, "याचं काही होणार नाही हो. शिकणं तुमच्या रक्तातच नाही." ते एवढेच म्हणाले, "बरं गुरुजी." दिवाळीनंतर मुलगा आला नाही. भट्टी हलली असेल, किंवा माझे शब्द लागले असतील.

अळीवरून माणसावर उडी मारणे शास्त्राला धरून नाही. मुलाचा अभ्यास काही एका जनुकावर ठरत नाही, आणि भुकेल्या अळीवरून भुकेल्या पोराचा हिशेब मांडता येत नाही. ते मी करत नाही. मला सलते ते निराळेच. त्या शास्त्रज्ञांनी अळीला निदान भरल्या पोटी पाहिली, उपाशी पाहिली, गर्दीत पाहिली, मोकळी पाहिली, लगेच विचारले आणि उशिरा विचारले. मी त्या मुलाला सकाळी काय खाऊन येतोस एवढेही विचारले नव्हते. आणि रक्ताचा निकाल मात्र देऊन मोकळा झालो होतो!

असो. सिद्दीकी पुढे बंगलोरला गेले, तिथे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. वयाच्या पंचाहत्तरीनंतरही ते अळ्यांनाच शिकवत होते. अळी वास टाळायला कशी शिकते यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 2009 सालचा. व्हेरोनिकाबाई 2010 साली गेल्या, सिद्दीकी 2013 साली.

तुमच्या शाळेत हे पाहायचे असेल तर खर्च काही नाही. रुंद तोंडाच्या बाटलीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाकून ती दिवसभर उघडी ठेवा. दहापंधरा चिलटे आत गेली की तोंडाला फडके बांधा. चारपाच दिवसांत काचेच्या कडेने अळ्या चढताना दिसतील. त्यांतल्या काही ओल्या पिसाच्या टोकाने उचलून बशीत पसरलेल्या केळ्याच्या लगद्यावर ठेवा, आणि प्रत्येक मुलाला एकेक अळी वाटून द्या. पाच मिनिटे घड्याळ लावून जिचा तिचा माग वहीत काढू द्या. उपाशी ठेवून पुन्हा काढा. मुले आपापल्या अळीला नावे ठेवतील, भांडतील, माझीच पुढे गेली म्हणतील, चालू द्या. बाटलीतली चिलटे उडू लागली की फडके सोडायचे ते मात्र स्वयंपाकघरापासून दूर. आमच्या घरी यावरून एकदा बरेच बोलणे झाले आहे.