डबी भरण्याआधीची पंधरा मिनिटं

 

भिंगारच्या या परिषदेत अध्यक्षाने फिजिओथेरपी व्यवसायाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. पोलिओच्या साथींच्या काळात, 1952 च्या सुमारास, मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. राज्यात व्यवसायाच्या परिषदेचा कायदा 2002 चा, देशपातळीवरच्या आयोगाचा 2021 चा. शेजारी विळद घाटात फिजिओथेरपीचं महाविद्यालय उभं राहिलं. गुडघा, कंबर, लकवा यांसाठी लोक आता आपणहून फिजिओथेरपिस्टचं दार ठोठावतात. दमेकरी मुलाच्या थुंकीचा नमुना घ्यायचा असतो तेव्हा मात्र फिजिओथेरपिस्टला कोणी बोलावत नाही. आढावा इथेच थांबवून आज या एकाच गोष्टीवर बोलायचं आहे.

पाथर्डीकडून येणारी सकाळची एसटी भिंगारवरून शहरात शिरते. तिच्यात एखादी आई पिशवीत प्लास्टिकची डबी जपत बसलेली असते. 'सकाळी उठल्या उठल्या बेडका धरून आणा,' एवढंच तिला सांगितलेलं असतं. पोर खोकतं, आलेला कफ गिळतं आणि डबीत पडते ती लाळ. सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या आतल्या चपट्या पेशींचा खच दिसतो. कल्चरसाठी आलेल्या थुंकीत लो पॉवरच्या एका क्षेत्रात अशा 25 पेक्षा जास्त पेशी दिसल्या, की तो नमुना लाळ समजून नाकारण्याचा प्रघात आहे. आईच्या हाती चिठ्ठी पडते: नमुना पुन्हा पाठवा. पुन्हा तिकीट, पुन्हा बुडालेला रोज.

दम्याच्या प्रत्येक मुलाला ही तपासणी लागत नाही. पंप चालू असूनही खोकला हटत नाही, किंवा क्षयाची शंका येते, तेव्हा ती मोलाची ठरते. थुंकीत इओसिनोफिल पेशी अडीच-तीन टक्क्यांच्या वर गेल्या, तर श्वासनलिकांना ॲलर्जीच्या प्रकारची सूज असल्याचा अंदाज येतो. तशी सूज स्टेरॉइडच्या पंपाला सहसा दाद देते. डबीत लाळच असेल, तर यातलं काहीच कळत नाही.

सहकाऱ्यांत एक वाद जुना आहे. कफ सुटावा म्हणून दमेकरी मुलाच्या छातीवर थापटावं का? काही जण म्हणतात, हात लावू नका, धाप वाढेल. दम्याचा झटका आलेला असताना त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तेव्हा थापटणं हा उपचारच नव्हे. पण मूल शांत असताना, नमुन्यासाठी? प्रस्तुत वक्त्याचं मत एका नऊ वर्षांच्या मुलाने पक्कं केलं.

त्याची डबी तीनदा परत आली होती. चौथ्या वेळी त्याला डबी न देता बाकावर बसवलं. आधी पीक फ्लो, म्हणजे फुंकेचा जोर, मोजला. स्पेसरमधून साल्ब्युटामॉल दिलं, कारण खारं पाणी दमेकरी नळ्या आवळू शकतं. मग नेब्युलायझरमधून 3 टक्के मिठाचं पाणी सुरू केलं आणि मधूनमधून पीक फ्लो पुन्हा मोजत राहिलो. पंधरा मिनिटांनी कुशीवर वळवून, ओंजळीसारखा खोलगट हात करून हलकं थापटलं. शेवटी तोंडासमोर स्टीलची वाटी धरली: 'तोंड मोठं उघड, हा कर, वाटीवर वाफ धरली पाहिजे.' पहिल्या दोन वेळा तो नुसता फुंकत होता. तिसऱ्यांदा वाटी धुरकट झाली, छातीत घरघर वाजली आणि शेवयांसारखा चिवट, पांढुरका कफ डबीत पडला. त्यात इओसिनोफिल भरपूर निघाले. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर आई म्हणाली, 'सवय लागंल म्हणून पंप बंद केलाय, साहेब.' औषध वाढवायचं ठरत आलं होतं. गरज होती ती बंद पडलेलं सुरू करण्याची.

दुसरा आक्षेप असा, की लहान मुलं थुंकतच नाहीत; मग नाकातून पोटात नळी घाला, नाहीतर भूल देऊन दुर्बीण. याचं उत्तर केपटाउनहून आलेलं आहे. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या शंकेच्या 250 बाळांवर आणि लहानग्यांवर केलेलं काम 2005 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. वय एक महिना ते पाच वर्षं. खाऱ्या पाण्याची वाफ, छातीची फिजिओथेरपी, लागेल तिथे घशामागून कफ ओढून घेणं. असा एक नमुना पोटातल्या पाण्याच्या तीन नमुन्यांच्या तोडीचा ठरला. साओ पावलोत दमेकरी मुलांसाठी खाऱ्या पाण्याची आणि फिजिओथेरपीच्या तंत्रांची तुलनाही झाली. ती 2020 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. तरी इकडे अजून आईच्या हातात रिकामी डबीच ठेवली जाते, याचं मनापासून दुःख होतं. इतकी वर्षं हे बोलायचं राहिलं होतं.

पुढची कामं मोठी आहेत, आज त्यांचा नुसता उच्चार करता येईल. नमुन्याच्या अर्जावर 'कोणी व कसा घेतला' असा रकाना हवा. तालुक्याच्या ठिकाणी एक तरी प्रशिक्षित हात हवा. त्यांची आखणी परिषदेनंतर बसून करू. कफ उडतो म्हणून हे काम उघड्या खिडक्यांच्या खोलीत, मास्क लावून करायचं, हेही शिकवावं लागेल. दुपारच्या सत्रात प्रात्यक्षिकाच्या टेबलावर पीक फ्लो मीटर, स्पेसर आणि दहा-बारा स्टीलच्या वाट्या मांडून ठेवल्या आहेत. विद्यार्थ्यांनी आधी स्वतः वाटीवर वाफ धरून पाहावी.