शेजाऱ्यांचा तंटा, शेजाऱ्यांची मध्यस्थी

बांधाचा तंटा न्यायालयात गेला, तर निकाल लागतो. परंतु त्यानंतरही बांध तेथेच राहतो आणि शेजारीही. राष्ट्रांचेही असेच आहे. स्थानिक तंटे सुरक्षा परिषदेपुढे नेण्यापूर्वी प्रादेशिक संघटनांमार्फत मिटविण्याचा प्रयत्न व्हावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद सांगते ती यामुळेच. या मार्गाचे सामर्थ्य व मर्यादा समजून घेण्यास अल्जीरिया व मोरोक्को यांचे एकच उदाहरण पुरेसे आहे.

फ्रान्स व मोरोक्को यांच्यातील १८४५ च्या तहाने भूमध्य समुद्राच्या बाजूची सीमा तेवढी आखली. दक्षिणेकडील वाळवंटात पाणी नाही, म्हणून वस्ती नाही, आणि म्हणून सीमेचीही गरज नाही, असा त्यामागील युक्तिवाद होता. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, तेव्हा ही न आखलेली सीमा त्याच्या वाट्याला आली. तोवर तिंदूफच्या परिसरात लोहखनिज सापडले होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये लढाई पेटली.

आफ्रिकी ऐक्य संघटना तेव्हा अवघी पाच महिन्यांची होती. तंटे मिटविण्यासाठी सनदेत योजलेला आयोगही अद्याप स्थापन झाला नव्हता. तरीही इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी आणि मालीचे अध्यक्ष मोदिबो केइता यांनी राजे हसन दुसरे व अध्यक्ष बेन बेला यांना बामाको येथे एकत्र बसविले आणि ३० ऑक्टोबर रोजी युद्धबंदीचा करार घडवून आणला. मध्यस्थांजवळ दंडशक्ती नव्हती. दोष कोणाचा, या प्रश्नावर त्यांनी वाटाघाटी अडू दिल्या नाहीत. तो नंतर सात राष्ट्रांच्या समितीकडे सोपविण्यात आला. सीमेचा करार मात्र उभय देशांनीच १९७२ साली रबात येथे, संघटनेच्या शिखर परिषदेच्या वेळी केला. संघटनेने निवाडा दिला नाही; तिने अवधी मिळवून दिला.

मग हे सामर्थ्य पुढे का ओसरले? पश्चिम सहाराच्या प्रश्नात सहरावी प्रजासत्ताकाला संघटनेने आपल्यात स्थान दिले, तेव्हा १९८४ मध्ये मोरोक्को बाहेर पडला. संघटना आता पंच नसून प्रतिपक्ष आहे, अशी त्याची भावना झाली. तिची जागा घेणाऱ्या आफ्रिकी संघात तो २०१७ मध्ये दाखल झाला खरा. पण २०२१ मध्ये अल्जीरियाने त्याच्याशी राजनैतिक संबंध तोडले.

पंचाचे बळ त्याच्या अधिकारात नसते. उभय पक्षांनी त्याच्यावर टाकलेल्या विश्वासात असते. बामाकोला तो विश्वास होता, म्हणून नियमांवाचूनही काम झाले. पुढे नियम होते. विश्वास उरला नव्हता.