समुद्राचे दोहन, शोषण नव्हे



आपल्या कित्येक घरांत आजही वडीलधारी माणसे पहाटे अंथरुणावरून उठताना जमिनीवर पाऊल टाकण्याआधी भूमीची क्षमा मागतात. त्या प्रार्थनेत समुद्र हे भूमातेचे वस्त्र मानले आहे. आईच्या अंगावरचे वस्त्र मुलाने जपायचे असते, ही भावना तीत अध्याहृत आहे. ज्या समाजाने समुद्राकडे असे पाहिले, त्याच समाजाच्या खाड्यांत आज भराव पडतात आणि सांडपाणी सुटते. प्रार्थना आणि व्यवहार यांच्यातील ही फारकत हाच आजच्या चिंतनाचा विषय आहे.

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे, असे शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत या किनाऱ्यावर लक्षावधी कुटुंबांची चूल पेटते. साहजिकच किनाऱ्याच्या संरक्षणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो पोटाचा. पर्यावरणवाद्यांचे ऐकले तर कोकणाने कायम मनिऑर्डरवरच जगायचे का, असा तो प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. पण त्याचे उत्तर ग्रंथांतून शोधण्याऐवजी कोकणाच्या अनुभवातून शोधणे अधिक उचित ठरेल.

वेळासचा धडा

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव नाना फडणविसांचे म्हणून इतिहासात परिचित. या गावाच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे थंडीच्या दिवसांत अंडी घालण्यासाठी येतात. मादी रात्री भरतीच्या रेषेपलीकडे येते, मागच्या पायांनी वाळूत घड्याच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. ती पिलांसाठी पुन्हा येत नाही. सुमारे दीड ते दोन महिने ती अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. निसर्गाचा तोल किती नाजूक दोऱ्यावर उभा असतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ही अंडी कोल्हे आणि कुत्री उकरून काढत आणि माणसेही खाण्यासाठी व विकण्यासाठी खणून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. त्यांनी गावाला कायद्याचा धाक दाखवला नाही. गावातल्याच माणसांना सोबत घेतले, त्यांना राखणीचे काम आणि त्याचा मोबदला दिला. पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधायची, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून अंडी ठेवायची आणि पिले बाहेर आली की त्यांना समुद्राच्या स्वाधीन करायचे, असा हा क्रम. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. शहरांतून पाहुणे येऊ लागले. गावात हॉटेल नव्हते. म्हणून पाहुणे घरोघरी उतरले आणि त्यांच्यासाठी रांधलेल्या जेवणाचा पैसा थेट गृहिणीच्या हाती आला. जे कासव केवळ अंड्यांच्या किमतीचे होते, ते जिवंत राहून गावाला वर्षानुवर्षे देऊ लागले. आंजर्ल्यासह किनाऱ्यावरील इतर गावांनीही पुढे हाच मार्ग धरला.

याच किनाऱ्यावरील एक अलीकडची घटना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर प्राणिशास्त्रज्ञांनी एका मादीच्या पंखाला क्रमांकाची पट्टी अडकवली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरील कासवे वेगवेगळी, या समजाला या मादीने धक्का दिला. भारतवर्षाला प्रदक्षिणा घालणारा हा जीव ओडिशात राखला आणि गुहागरात मारला, तर राखणाऱ्याचे श्रम वाया जातात. निसर्गाच्या रक्षणात देश एकच धरावा लागतो.

मात्र यशालाही पथ्य असते. अंड्यांतून निघालेली पिले क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. किनाऱ्यावर प्रखर दिवे लागले तर ती समुद्राकडे पाठ फिरवून गावाकडे येतात आणि मरतात. पाहुण्यांची गर्दी, मोटारींची चाके, पुळणीला लागून उठणारी बांधकामे यांनी ज्या कासवासाठी पर्यटक येतात त्यालाच पळवून लावले, तर गावाची भाकरीही जाईल. वेळासने मिळवलेले टिकवायचे तर पाहुण्यांची संख्या आणि वागणूक यांना मर्यादा घालावीच लागेल.

हिरवी तटबंदी

दुसरा विषय कांदळवनांचा. चिप्पी, तिवर, कांदळ ही खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभी राहणारी झाडे शहरी माणसाला चिखलातले झुडूप वाटतात. वस्तुतः त्यांच्या मुळांच्या जाळ्यात कोळंबी, खेकडे आणि अनेक जातींच्या माशांची पिले वाढतात. लाटांचा जोर ती मोडतात आणि वाहून येणारा गाळ धरून ठेवतात. खाडीची कांदळवने तोडणे म्हणजे मच्छीमाराच्या घरातले बियाणे दळून खाणे होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने मुंबईला हिसका दाखवला. नदीला पसरायची जागा आणि पाणी मुरायची दलदल आपण आधीच बुजवली होती, हे त्या दिवशी मुंबईकरांना कळले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला असल्याचे म्हटले. राज्य शासनाने २०१२ मध्ये वनविभागांतर्गत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवने १८६ चौरस किलोमीटर होती, २०२१ च्या अहवालात ती ३२४ चौरस किलोमीटर नोंदली गेली. कायदा, प्रशासन आणि जनमत एका दिशेने चालले की काय घडू शकते, हे यातून दिसते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतो. तिवरांची एक फांदी तुटली तर आपल्या रोजीवर घाला आहे, हे त्या भगिनींना कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ज्ञान नव्हते असे समजण्याचे कारण नाही. गोव्यातील खाजण शेती हा त्याचा पुरावा. खाडीकाठी मातीचे बांध घालायचे, पाण्याच्या वाटेवर ‘मानस’ नावाचे लाकडी दार बसवायचे, भरतीला ते आपोआप मिटावे आणि ओहोटीला उघडावे, अशी ती योजना. पावसाळ्यात कोरगुट हा खारे पाणी सोसणारा भात आणि दाराशी मासळी. हे सारे सांभाळत असे ती गावकरी, म्हणजे गावाची सामुदायिक संस्था. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये या संस्थेचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणजे ती त्यांच्या आधीपासूनची. ही व्यवस्था खिळखिळी होत गेली आणि बांधांची जबाबदारी नक्की कोणाची हे अस्पष्ट राहिले, तेव्हा बांध फुटू लागले आणि शेते खारी झाली. मालकी आणि जबाबदारी यांची गाठ सुटली की निसर्ग अनाथ होतो.

समुद्राला सातबारा नसतो

तिसरा आणि सर्वांत कठीण विषय मासेमारीचा. श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतो, त्यानंतरच होड्या पाण्यात लोटतो. पावसाळ्यात अनेक माशांचा विणीचा हंगाम असतो. त्या काळात दर्याला विश्रांती देणारा हा लोकधर्म कोणत्याही सरकारी अधिसूचनेहून जुना. केंद्राने २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावरील बंदीकाळ ६१ दिवसांचा केला, तो परंपरेच्या मागोमाग आला, इतकेच. पारंपरिक रापणकार किनाऱ्यावरून जाळे ओढतो. यांत्रिक पर्ससीन जाळे अख्खा थवाच्या थवा एका वेढ्यात उचलते. त्यात रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्याची पद्धत आली. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली आणि २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातील दंड वाढवण्यात आला. या निर्बंधांसाठी रस्त्यावर उतरले ते सिंधुदुर्गाचे पारंपरिक मच्छीमारच.

येथे मालवणची कहाणी आठवावी लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहे. ते वाचवण्यासाठी १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. हेतू शुद्ध होता, परंतु ज्या मच्छीमाराची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट त्या पाण्यात होती, त्याला विश्वासात घेतले गेले नाही. त्याला भय वाटले की आपण आपल्याच दर्यात गुन्हेगार ठरू. विरोध झाला आणि अभयारण्य दीर्घकाळ नकाशापुरतेच राहिले. वेळास आणि मालवण येथील समुद्र एकच आहे, माणसेही एकाच कोकणची आहेत. एका ठिकाणी संरक्षण गावातून उगवले, दुसऱ्या ठिकाणी ते राजपत्रातून उतरले. फळांतील फरक आपल्यासमोर आहे.

गुजरातनेही हाच धडा दिला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या महाकाय माशाची शिकार होत असे. २००१ मध्ये कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पण मन वळले ते २००४ पासूनच्या लोकजागराने. पूज्य मोरारीबापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि शिकार करणारा मच्छीमार त्याचा राखणदार झाला. जाळ्यात सापडलेला मासा सोडण्यासाठी तो स्वतःचे जाळे कापू लागला आणि त्या जाळ्याची भरपाई त्याला मिळू लागली. महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीपासून संरक्षित सागरी जीव सोडताना कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई दिली जाते. श्रद्धेने मन वळते आणि भरपाईने संसार सावरतो. दोन्ही हवे.

मोठे प्रकल्प आणि मोठे उत्तरदायित्व

यापुढचा प्रश्न बंदरांचा. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक. जगातील सर्वांत मोठी मालवाहू जहाजे भारतीय बंदरात लागावीत, आपला माल परक्या बंदरांतून फिरून जाऊ नये, ही राष्ट्रीय गरज आहे. ज्या देशाने कान्होजी आंग्रे यांचे आरमार पाहिले, त्याने समुद्राकडे पाठ फिरवावी असे कोणी म्हणणार नाही.

परंतु त्याच परिसरात सातपाटीसारखी गावे पापलेटवर जगतात. या पापलेटला शासनाने २०२३ मध्ये राज्यमासा घोषित केले. शेतकऱ्याची जमीन गेली तर त्याच्या हाती सातबारा असतो, त्यावर मोबदला ठरतो. मच्छीमाराची वहिवाट गेली तर तो काय दाखवणार? समुद्राला सातबारा नसतो. म्हणून राष्ट्रहितासाठी ज्याला सर्वाधिक सोसायचे आहे, त्याच्या नुकसानीची मोजणी सर्वांत आधी आणि त्याच्या समक्ष झाली पाहिजे. भरावाने प्रवाह किती बदलले, मासळी किती घटली, याची नोंद दरवर्षी जाहीर व्हावी. ही मागणी विकासाला विरोध करणारी नाही. राष्ट्रकार्याचा भार एकाच समाजाच्या खांद्यावर पडू नये, एवढाच तिचा अर्थ.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतील चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, समाज आणि सृष्टी यांचे हित परस्परविरोधी नाही, हा त्याचा गाभा. गाईचे दूध काढायचे ते वासराचा वाटा ठेवून, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळते. समुद्राच्या बाबतीत वासराचा वाटा म्हणजे विणीचा हंगाम, खाडीतली तिवरे आणि पुळणीवरची निःशब्द रात्र.

मग आपण काय करावे? २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरहून आणि सुरमई ३७० मिलिमीटरहून लहान पकडू नये, असा तो नियम. ज्यांच्या घरी मासळी येते त्यांनी तळहातात मावणारे पापलेट विकत घेण्यास नकार दिला, तर बाजार आपोआप सुधारेल. कोकणात सहलीला जाणाऱ्यांनी गावातल्या घरी उतरावे, पुळणीवर मोटार नेऊ नये, कचरा परत आणावा. गणपतीची मूर्ती मातीचीच असावी. किनाऱ्यावरील शाखांनी वर्षातून एक दिवस खाडीच्या स्वच्छतेसाठी द्यावा, आणि त्या दिवशी गावच्या कोळी बांधवांना पाहुणे म्हणून न बोलावता त्यांच्याच नेतृत्वाखाली काम करावे. दर्या त्यांना आपल्याहून अधिक कळतो.

कायदे होतील, न्यायालये निकाल देतील, निधीही येईल. तरीही पहाटेच्या अंधारात वाळूवरचा कासवाचा माग शोधायला माणूसच लागतो, आणि तो त्या गावचाच असावा लागतो. अशी माणसे प्रत्येक किनारी गावात उभी करणे हे संघटनेचे काम आहे, आणि संघटना हेच तर आपले सामर्थ्य.