जमा, उलाढाल आणि उत्पन्न



आठवड्याच्या बाजारात मेथीची जुडी घ्यावी आणि तिचे पैसे भ्रमणध्वनीवरून चुकते करावेत, ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही प्रणाली आज पानटपरीपासून बी-बियाण्यांच्या दुकानापर्यंत पोहोचली आहे. सुट्या पैशांची अडचण तिने दूर केली. परंतु तिच्याबरोबर एक शंकाही आली. खात्यावर येणाऱ्या प्रत्येक रुपयाची नोंद राहते, तर मग त्या प्रत्येक रुपयावर कर भरावा लागेल काय? गावातील लहान विक्रेता हा प्रश्न प्रथम शिक्षकांना, ग्रामसेवकांना वा पंचायतीच्या सदस्यांनाच विचारतो. म्हणून त्याचे नेमके उत्तर आपणांपाशी असावयास हवे.

शंकेचे निरसन न झाल्यास काय घडते, हे जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात दिसून आले. तेथील वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरून जमा झालेल्या रकमांच्या आधारे हजारो लहान विक्रेत्यांना नोटिसा पाठविल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याकडे चार वर्षांतील सुमारे १ कोटी ६३ लाख रुपयांच्या व्यवहारांपोटी सुमारे २९ लाख रुपयांची मागणी करण्यात आली. वस्तुतः ताजी भाजी वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. पाहता पाहता बंगळूरमधील अनेक दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे फलक लागले. अखेर जुनी थकबाकी वसूल न करण्याचे आश्वासन मुख्यमंत्र्यांना द्यावे लागले. मात्र पात्र विक्रेत्यांनी यापुढे नोंदणी करावी, असेही सांगण्यात आले.

ह्या घटनेचा बोध एवढाच की, जमा, उलाढाल आणि उत्पन्न ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की विक्रेता घाबरतो आणि कधी कधी कार्यालयाचाही अंदाज चुकतो.

प्रथम जमेचा विचार करू. मुलाने शहरातून पाठविलेला घरखर्च, शेजाऱ्याने परत केलेली उसनवारी, रोख रकमेच्या बदल्यात कोणी खात्यावर टाकलेले पैसे, ही सारी जमा आहे. पण ती विक्री नव्हे. स्वतःच्या वापरातील जुनी सायकल किंवा कपाट विकल्यास तोही व्यापार ठरत नाही, आणि आयकरातही अशा घरगुती वस्तूंवर भांडवली नफा धरला जात नाही. सोन्याचे दागिने मात्र ह्या सवलतीत मोडत नाहीत.

हा गोंधळ केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार ह्या दोन्ही मर्यादा ओलांडणाऱ्या विक्रेत्याची माहिती पैसे पोहोचविणाऱ्या कंपनीने कर खात्यास कळवावी, असा नियम होता. २०२१ च्या कायद्याने ही मर्यादा ६०० डॉलरवर आणली. तेव्हा घरातील जुना सोफा विकणारेही धास्तावले. अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलावी लागली आणि जुलै २०२५ मध्ये जुनीच मर्यादा पुन्हा कायद्यात आली. खरेदीपेक्षा कमी किमतीत विकलेल्या घरगुती वस्तूवर तेथेही कर नाही. कळविलेली रक्कम ही माहिती असते, कराची आकारणी नव्हे, हे तत्त्व तेथेही तेच आहे.

दुसरी गोष्ट उलाढालीची. आपल्या राज्यात केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा आणि सेवा देणाऱ्याची २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाली, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे आवश्यक ठरते. खानावळ ही सेवेत गणली जाते. केवळ करमुक्त माल विकणाऱ्यास आणि स्वतःच्या शेतातील उत्पन्न विकणाऱ्या शेतकऱ्यास नोंदणीची सक्ती नाही. परंतु एकाच दुकानात भाजीबरोबर करपात्र मालही असेल, तर मर्यादा मोजताना दोन्हींची विक्री एकत्र धरली जाते. तसेच उलाढाल रोख व यूपीआय मिळून मोजली जाते. म्हणून यूपीआयचा फलक उतरविल्याने कायद्याचे बंधन उतरत नाही.

तिसरी गोष्ट उत्पन्नाची. विक्रीतून मालाची किंमत व खर्च वजा जाता जे उरते, ते उत्पन्न. लहान व्यापाऱ्यास आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. तीनुसार रोख विक्रीवर किमान ८ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के उत्पन्न धरले जाते. १० लाखांची विक्री रोखीने झाली तर ८० हजार, यूपीआयने झाली तर ६० हजार. प्रत्यक्ष नफा अधिक असल्यास तो अर्थातच दाखवावा. ज्या प्रणालीची धास्ती वाटते, तिलाच कायद्याने झुकते माप दिले आहे, ही गोष्ट विक्रेत्यांच्या कानी गेली पाहिजे.

आता उपायांविषयी. धंद्यासाठी निराळे बँक खाते ठेवावे. खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि करमुक्त व करपात्र विक्री वहीत निरनिराळी लिहावी. बचत गटांनी विशेष दक्षता घ्यावी. दहा भगिनींच्या पापड-लोणच्यांचे पैसे एकीच्याच वैयक्तिक खात्यावर जमा होत राहिले, तर कागदोपत्री ती सारी विक्री तिची एकटीची दिसते. गटाच्या विक्रीचे पैसे गटाच्याच खात्यावर यावेत. आणि नोटीस आलीच, तर ती पेटीत ठेवून देऊ नये. नोटीस म्हणजे प्रथमतः विचारणा असते. मुदतीत, वहीच्या आधारे उत्तर दिल्यास करमुक्त विक्री व उसनवारीची रक्कम वेगळी दाखविता येते.

हे काम खर्चाचे नाही. ग्रामसभेत एक विषय घ्यावा, पंचायतीच्या फलकावर मर्यादांचे आकडे लिहावेत, शिक्षकांनी जमाखर्चाचे एखादे उदाहरण बाजारातील यूपीआय व्यवहारांवरून घालावे. हिशेबाची वही जवळ असलेला विक्रेता आपला योग्य तो कर भरील, आणि जो त्याच्याकडून येणे नाही तो नाकारण्याचे बळही त्याच्या अंगी येईल.