खाऱ्या जमिनींतील भात

कोंकणच्या खाडीकांठीं शेतकऱ्याचा जुना वैरी म्हणजे समुद्राचें पाणी. उधाणाच्या भरतीनें एकदां कां बांध फुटला, कीं एका रात्रींत शेत खारें होतें आणि पावसानें मीठ धुऊन जाईपर्यंत त्यांत धड पीक उभें राहत नाहीं. अशा जमिनीला महाराष्ट्रांत खारजमीन म्हणतात, गोमंतकांत खाजन. बांध राखणें हा येथील परंपरागत उपाय. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदाही केला. परंतु बांध फुटल्यावर जें सोसावयाचें, तें शेवटीं रोपालाच सोसावें लागतें.

मीठ रोपावर दोन बाजूंनीं घाला घालतें. पहिला घाला तहानेचा. मातींत ओल असूनही क्षारांच्या ओढीमुळें ती मुळांना शोषून घेतां येत नाहीं; पाण्यांत उभें असलेलें रोप तहानलेलेंच राहतें. दुसरा घाला विषाचा. मिठांतील सोडियम मुळांवाटे आंत शिरतें, रसाबरोबर पानांत सांचतें, पोटॅशियमची जागा बळकावतें, आणि पानें शेंड्याकडून करपूं लागतात. रोपावस्थेंत व फुलोऱ्याच्या वेळीं भात यापुढें विशेष दुबळें ठरतें.

तरीही केरळांतील पोक्कळी, बंगालमधील नोना बोक्रा आणि गोव्यांतील कोरगुट हीं भातें खाऱ्या जमिनींतच पिढ्यान् पिढ्या पिकत आलीं आहेत. याचें रहस्य त्यांच्या जनुकांत आहे. जनुक म्हणजे वंशपरंपरेनें चालत आलेली आज्ञा. कोणतें प्रथिन घडवावयाचें हें ती पेशीला सांगते. नोना बोक्रांतील अशा एका जनुकाचा शोध २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यापासून घडणारें प्रथिन रसवाहिन्यांच्या कांठीं द्वारपाळासारखें बसतें, आणि वर चढणाऱ्या रसांतून सोडियम बाजूस काढतें. पानें वांचतात तीं यामुळें. दुसरें एक प्रथिन सोडियमला मुळांतून पुन्हां मातींत लोटतें. तिसरें त्याला पेशींतील पोकळींत कोंडून ठेवतें.

गव्हांतही हाच अनुभव आला. एका प्राचीन गहूजातींतील तसलेंच जनुक ऑस्ट्रेलियांत संकरानें डुरम गव्हांत आणलें गेलें, आणि खाऱ्या शेतांत त्याचें उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचें २०१२ सालीं जाहीर झालें.

मात्र एका जनुकानें सर्व कार्य साधत नाहीं. पोक्कळी मीठ सोसते, पण तिचीं उंच ताटें लोळतात. म्हणून संकर करून, मीठ सोसण्याचा गुण ज्यांत उतरला तींच रोपें पिढ्यामागून पिढ्या निवडावीं लागतात. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रानें याच मार्गानें कोंकणासाठीं भाताचे वाण दिले आहेत.

या सर्व खटाटोपाचें भांडवल मात्र प्रयोगशाळेंत जन्मलेलें नाहीं. तें खाडीकांठच्या कणग्यांत, अडाणी म्हणून हिणविलेल्या हातांनीं राखलेलें आहे. समुद्राची पातळी चढत असतां त्या कणग्यांतील जुनें बियाणें नाहींसें झालें, तर फुटलेला बांध पुन्हां घालतां येईल; हरवलेली आज्ञा मात्र पुन्हां लिहितां येणें कठीण.